गाडी कां बसली?

गेल्या नाताळच्या सुटींत एके दिवशीं सकाळीं आमच्या शिरवळच्या बिऱ्हाडासमोर मुलांचा घोळका जमला होता. आदल्या रात्रीं आमचे मेहुणे आपल्या वृद्ध मातोश्रींस घेऊन पुण्याहून मोटारीनें आले होते व न्याहारी करून त्यांस मिरजेस जावयाचें होतें. मोटार परदेशी बनावटीची व मोठी. पण दुसऱ्याच्या हातून घेतलेली, वयानें बारा वर्षांची. रात्रीं ती चारी चाकांवर सरळ उभी होती. सकाळीं पाहतों तों मागची डावी बाजू, बसूं लागलेल्या उंटाप्रमाणें, थेट चाकावर टेकलेली! टायरांत हवा पुरेपूर होती. आठवींतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, पंक्चर तर नाहीं, मग गाडी बसली कशी?" त्या वेळीं आम्हांस अर्धेंच उत्तर देतां आलें. उरलेलें अर्धें मिळविण्यास दोन महिने लागले. तें येथें देत आहों.

चाक रस्त्यावर चालतें व मनुष्य गादीवर बसतो. या दोहोंच्या मध्यें कांहीं लवचीक वस्तु नसेल तर चाकास बसलेला प्रत्येक धक्का मनुष्याच्या पाठीच्या कण्यास जसाच्या तसा बसतो. जुन्या लांकडी चाकांच्या बैलगाडींतून जे जत्रेस गेले असतील त्यांस हें निराळें सांगावयास नको. टांग्यास मात्र पोलादी पट्ट्यांच्या कमानी असत. अशा कमानींचें एक प्रसिद्ध पेटंट इंग्लंडांत ओबडाया एलियट यानें १८०४ सालीं घेतलें. मालट्रकाच्या मागच्या आंसाखालीं जे एकावर एक रचलेले पाटे दिसतात ते त्या टांग्याच्या कमानीचेच थोरले भाऊ होत. वेटोळ्याची स्प्रिंग तर त्याहून जुनी. तिचें इंग्रजी पेटंट १७६३ सालचें आहे.

स्प्रिंगेचा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला, व तो नववीच्या मुलांस पाठ असावयास हवा: भार जितका वाढेल त्या प्रमाणांत स्प्रिंग दबेल. आतां आमच्या मेहुण्यांच्या गाडीचाच हिशेब करूं. महामार्गावरील वजनकाट्यावर तिचीं केवळ मागचीं चाकें चढवून पाहिलीं तेव्हां काट्यानें ८०० किलो दाखविले; म्हणजे एका बाजूस ४००. (चाकांचें स्वतःचें वजन व सांध्यांची तरफ आम्ही सोपेपणासाठीं सोडून देतों.) या भारानें एखादी स्प्रिंग २० सेंटिमीटर दबत असेल, तर तिला एक सेंटिमीटर दाबण्यास २० किलो लागतात. मागें तीन प्रौढ माणसें व सामान मिळून २०० किलो चढले तर प्रत्येक बाजूस १०० किलो अधिक झाले व गाडीची शेपटी ५ सेंटिमीटर खालीं गेली. पुढचे दिवे तितकेच आकाशाकडे वळले, व समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत पडूं लागला.

हा दोष टाळावा म्हणून पोलादाच्या जागीं हवा घालण्याची कल्पना निघाली. कोंडलेली हवा दाबली असतां उलट ढकलते, हें रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालींच मोजून दाखविलें होतें. वाहनांत तिचा पहिला मोठा उपयोग टायरांत झाला. तो १८८८ सालीं यशस्वी करून दाखविणारा जॉन डनलॉप हा धंद्यानें गुरांचा डॉक्टर होता! आमच्या गांवीं पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळें ही गोष्ट सांगतांना आम्हांस नेहमीं थोडी मौज वाटते.

हवेच्या स्प्रिंगेंत रबराची एक जाड, आंत दोऱ्यांचें विणकाम असलेली थैली असते. तिचें परिणामी क्षेत्र ८० चौरस सेंटिमीटर धरलें, तर ४०० किलो उचलण्यास दर चौरस सेंटिमीटरास ५ किलो दाब पुरे. टायरवाला ज्यास "बत्तीस हवा" म्हणतो तो दाब या मापानें सुमारें सव्वादोन भरतो. यावरून थैलींतील जोर ध्यानांत येईल. आतां ते १०० किलो चढले. गाडी खालीं जाऊं लागतांच उंची मोजणारा एक लहान दांडा हलतो, विजेचें यंत्र कंप्रेसरास जागें करतें, कंप्रेसर हवा भरतो, दाब ५ वरून सव्वासहा होतो, आणि गाडी पूर्वीच्याच उंचीवर येऊन उभी राहते. उतारू उतरले कीं झडप उघडून जादा हवा सोडून दिली जाते.

यांत आणखी एक सूक्ष्म लाभ आहे. स्प्रिंगेवर ठेवलेली वस्तु खालींवर झुलते, व किती वेगानें झुलावयाचें हें ती स्प्रिंग भारानें किती दबली आहे यावर ठरतें. २० सेंटिमीटर दबलेली गाडी मिनिटास सुमारें ६७ झोके घेते. भार वाढून ती २५ दबली कीं ६०. म्हणजे पोलादी स्प्रिंगेवरील गाडी रिकामी असतां कडक व भरली असतां संथ. थैलींत मात्र भार वाढला कीं दाब वाढतो व दाबाबरोबर कडकपणाहि वाढतो. त्यामुळें झोका जवळजवळ एकसारखा राहतो. रिकाम्या व भरलेल्या भारांत फार अंतर असणाऱ्या वाहनास हा गुण अनमोल आहे. पुण्यामुंबईच्या शिवनेरी बसमध्यें बसून ज्यांस झोप लागली असेल त्यांनी त्याचें श्रेय थोडें या थैल्यांस द्यावें. शिवाय मोठ्या बसला ब्रेकांसाठीं दाबलेली हवा लागतेच. तेथें कंप्रेसर मुळांतच घरचा असतो. मोटारीस तो केवळ या एका कामासाठीं पदरीं बाळगावा लागतो, व आमच्या मतें सगळी अडचण येथून सुरू होते.

अडचण नवी नाहीं. १९५७ सालीं अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहम नांवाची अत्यंत महाग मोटार काढली. तिच्या चारी चाकांवर हवेच्या स्प्रिंगा होत्या. दोन वर्षांत अशा केवळ ७०४ गाड्या तयार झाल्या. १९५८ सालीं तीच सोय कंपनीनें आपल्या इतर गाड्यांतहि जादा किंमतीनें देऊं केली. परंतु हवा गळण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या कीं थोड्याच काळांत ती मागें घ्यावी लागली, आणि पुष्कळ मालकांनीं थैल्या काढून टाकून वेटोळ्याच्या पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. म्हणजे आमच्या मेहुण्यांपुढें जो प्रश्न उभा राहिला तो त्यांच्या जन्मापूर्वींच अमेरिकेंत पुष्कळांनीं सोडविला होता! पुढें १९८४ सालीं फोर्ड कंपनीच्या लिंकन गाड्यांत विजेच्या यंत्रानें चालणारी नवी रचना आली, व १९९२ च्या सुमारास इंग्लंडच्या रेंज रोव्हरमध्येंहि आली. त्या जुन्या झाल्यावर त्यांच्याहि मालकांनीं तोच मार्ग धरला. याच रेंज रोव्हरची जुळणी २०२४ पासून पुण्यास होऊं लागली आहे. तेव्हां बसलेली मोटार पाहण्याचा योग आमच्या विद्यार्थ्यांस पुढेंमागें वारंवार येईल.

आतां बिघाडाकडे वळूं. महामार्गालगतच्या एका मेस्त्रींस बोलाविलें. त्यांनीं जॅक लावून, खालीं लोखंडी घोडी देऊन, मगच आंत हात घातला. हें मुद्दाम लिहितों. कारण हवेवर उभ्या असलेल्या गाडीखालीं शिरणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणें होय. हवा क्षणांत सुटते, व दीड-दोन टन लोखंड खालीं येतें. नंतर कंप्रेसर चालवून त्यांनीं थैलीवर साबणाचें पाणी लावलें. थैलीचें रबर जेथें दुमडतें त्या घडीवर बारीक बुडबुड्यांची माळ उठली. गाडी चालते तेव्हां ती घडी सतत वर-खालीं सरकत असते. तींत रस्त्याची वाळू शिरते, उन्हानें रबर कोरडें पडतें, आणि दहा-बारा वर्षांनीं तेथें केसाएवढ्या चिरा पडतात. एवढ्यावर थांबलें असतें तर बरें होतें. थैली गळूं लागली कीं उंची राखण्यासाठीं कंप्रेसर वारंवार चालतो. तो थोडा वेळ चालून विसावा घेण्यासाठीं बनविलेला असतो. अखंड चालला कीं तापतो व झिजतो. हवेंतील ओल शोषणारी जी पूड त्याच्या पुढें भरलेली असते तिचीहि शक्ति संपते, मग ओल झडपांत शिरते. अशा रीतीनें एका चिरेपायीं सबंध यंत्रणा आजारी पडते. आमच्या सासूबाई आदल्या रात्रीं म्हणाल्याच होत्या, "गाडी वाटभर कण्हत होती." आम्हीं दोघा शिकलेल्यांनीं तें हंसण्यावारी नेलें होतें.

त्या दिवशीं मिरजेस भाड्याच्या मोटारीनें जावें लागलें. सासूबाईंच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेली. दर तीन महिन्यांनीं तपासणीस जावें लागतें, व गाडीच्या मऊपणासाठींच मेहुण्यांनीं ती घेतली होती. म्हणून पुढें काय करावें याचा निर्णय सोपा नव्हता. एका थैलीची जी किंमत सांगण्यांत आली तींत एक चांगली दुभती म्हैस आली असती. उजवी थैली डावीच्याच वयाची, तेव्हां म्हशी दोन. आणि कंप्रेसर धापा टाकीत होता तो वेगळाच. मेस्त्री म्हणाले, "सर, याच गाडीचा स्प्रिंगवाला नमुना कंपनीनें विकला आहे. त्याच्या स्प्रिंगा मिळतील." आम्ही प्रथम विरुद्ध होतों. पोलादावर मऊपणा कमी होणार, व तो ज्यांच्यासाठीं हवा त्यांच्याच पाठीस तें जाणवणार, असें आमचें म्हणणें होतें. मेस्त्रींचा प्रश्न असा होता कीं, हीच गाडी रात्रीं खंबाटकीच्या घाटांत बसली तर मातोश्रींस तेथें कोठें निजवाल? वाद मिटविला तो सासूबाईंनींच. त्या म्हणाल्या, "जावईबापू, मला घरीं पोंचवील ती गाडी मऊ."

तरी एक काम राहिलें होतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें वाहनांत मन मानेल तसे फेरफार करण्यास मनाई आहे, व सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ च्या निकालांत ती स्पष्ट केली आहे. म्हणून परिवहन कार्यालयाकडे व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करून, लेखी उत्तर आल्यावरच हात घातला. यांत जवळजवळ महिना गेला, पण अपघातानंतर विम्याचा वाद करीत बसण्यापेक्षां तो महिना स्वस्त पडला असें आम्हांस वाटतें.

काम एका दिवसांत उरकलें. प्रथम यंत्रणा बंद करून थैल्यांतील उरलेली हवा नळीवाटें हळू सोडली. थैल्या निघाल्या, त्यांच्या जागीं वर व खालीं स्प्रिंगेस बसण्यासाठीं पोलादी वाट्या व रबरी गाद्या बसविल्या. स्प्रिंग मोकळी असतां जागेपेक्षां बरीच लांब असते, म्हणून ती शिकंजानें आवळून घालावी लागते. येथें पुन्हां सावधगिरीची गोष्ट. ४०० किलोच्या भारानें २० सेंटिमीटर दबलेल्या स्प्रिंगेंत जी शक्ति सांठते ती ४० किलोचें पोतें एक मीटरावरून पडण्याइतकी असते. शिकंजा निसटला तर तें पोतें कोणाच्या तोंडावर पडेल हें सांगतां येत नाहीं. स्प्रिंगा नेहमीं जोडीनेंच बदलाव्या; एकीकडे हवा व दुसरीकडे पोलाद ठेवणारे महाभाग आम्हीं ऐकले आहेत. या गाडींत शॉकअप निराळे होते म्हणून तेच राहिले. थैली व शॉकअप एकजीव असलेल्या गाड्यांत दोन्ही बदलावीं लागतात व खर्च वाढतो. शेवटीं चाकांची जुळणी व दिव्यांचा रोंख पुन्हां तपासला.

विजेच्या मेंदूस मात्र हा बदल पटेना. हरवलेली हवा तो शोधीत राही व समोरच्या फळीवर पिवळा दिवा लावून ठेवी. कांहीं ठिकाणीं त्यास फसविणारी एक छोटी पेटी जोडतात. आमच्या मेस्त्रींनीं संगणक लावून गाडीच्या मेंदूंतच "हा नमुना स्प्रिंगेचा आहे" अशी नोंद केली, व दिवा विझला. आम्हांस ही रीत अधिक प्रामाणिक वाटली.

परिणाम काय झाला? दोन मोठीं माणसें बसलीं असतां पूर्वीपेक्षां किंचित् कडक. रस्त्यावरील आडव्या पट्ट्यांचा आवाज आंत येतो. मागें तिघे व सामान असलें कीं शेपटी खालीं जाते, आमच्या गणिताप्रमाणें अगदीं पांच नाहीं, चार सेंटिमीटर. त्या दिवशीं दिव्यांचा रोंख हातानें खालीं करावा लागतो. मार्चमध्यें मिरजेची खेप झाली. सासूबाईंनीं कमरेमागें एक उशी जादा घेतली व कऱ्हाडपर्यंत झोंप काढली.

काढलेली डावी थैली मेहुण्यांनीं आम्हांस दिली. ती शाळेच्या विज्ञानशाळेंत खिडकीजवळच्या फळीवर ठेवली आहे. सरळ धरली असतां ती धडधाकट दिसते. दोन्ही अंगठ्यांनीं घडीवर वांकविली कीं चिरा उघडतात. पाहावयाची असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें.