चोवीस लाखांचे दोन मुलूख
वस्तीचा भूगोल : भाग ६

२०११ च्या जनगणनेत नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत २४,०५,६६५ माणसे मोजली गेली. मध्य आफ्रिकेतल्या गॅबन या देशाची लोकसंख्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार आज पंचवीस लाखांच्या आसपास आहे. एका शहरात मावतील एवढीच माणसे एका अख्ख्या देशात. नागपूरकर राहतात सुमारे सव्वादोनशे चौरस किलोमीटरमध्ये. गॅबनचे क्षेत्रफळ आहे २,६७,६६८ चौरस किलोमीटर, महाराष्ट्राहून थोडेच कमी. गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंतचा मुलूख डोळ्यांपुढे आणा आणि त्यात फक्त नागपूरची माणसे ठेवा; गॅबनची कल्पना येईल. दर चौरस किलोमीटरला तिथे नऊ-दहा माणसे, नागपुरात दहा-अकरा हजार.

या लेखमालेसाठी मध्य आफ्रिकेतला एक देश निवडायचा होता. मी गॅबन घेतला तो लकडगंजमुळे. महापालिकेचा हा आठव्या क्रमांकाचा झोन. इतवारीच्या पूर्वेला आरामशीनी, कच्छी पटेलांच्या वखारी, बल्ल्यांचे ढीग, आणि आता त्यांच्याहून जास्त दिसणारी प्लायवुडची दुकाने. पूर्वी इथे बोलणे सागवानाचे असायचे : आलापल्लीचा की बल्लारशाचा, किती गोलाईचा. आता दारे-कपाटे बनवणारे सुतार ‘फेस कोणता?’ असे विचारतात. फेस म्हणजे प्लायच्या वरचा पातळ पापुद्रा. तो अनेक वर्षे म्यानमारच्या गर्जनचा असे. २०१४ मध्ये म्यानमारने गोल लाकडाची निर्यात बंद केली आणि भारतातल्या प्लायवुडवाल्यांनी पर्याय शोधला, तो होता ओकुमे. फिकट गुलाबी, वजनाला हलका, सहज सोलला जाणारा. ओकुमेच्या झाडाचे मुख्य घर गॅबन. त्या देशाने २०१० पासून गोल लाकूड बाहेर पाठवणे थांबवले होते. सोलायचे तर इथे येऊन सोला, असा त्यांचा आग्रह. म्हणून राजधानी लिब्रव्हिलजवळच्या न्कोक औद्योगिक क्षेत्रात भारतीय कंपन्यांनी कारखाने घातले. तिथले पापुद्रे समुद्रमार्गे भारतात येतात आणि इथे तयार झालेला प्लाय आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या कपाटापर्यंत पोचतो.

लाकूड इतके आणि माणसे इतकी कमी, हे कसे? याचे ठरलेले उत्तर असे : जंगल दाट म्हणून वस्ती विरळ. गॅबनचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग जंगलाखाली आहे, म्हणजे उत्तर पटण्यासारखे वाटते. आपल्याकडे गडचिरोलीबद्दलही हेच म्हटले जाते. पण हे उत्तर अर्धेच आहे, आणि उरलेला अर्धा भाग माणसांनी माणसांशी कसा व्यवहार केला त्याचा आहे.

१८९९ नंतर फ्रान्सने या प्रदेशाचे मोठमोठे पट्टे खासगी कंपन्यांना बहाल केले. त्याच सुमारास युरोपात ओकुमेची मागणी वाढली. हे लाकूड पाण्यावर तरंगते. त्यामुळे तोडणी नदीकाठच्या पट्ट्यांत सुरू झाली आणि ओंडक्यांचे तराफे ओगोवे नदीतून पोर्ट-जेंटिलच्या बंदराकडे निघाले. तोडायला माणसे हवी होती, ती आतल्या गावांमधून गोळा केली गेली. नेले जात ते तरुण पुरुष, एकटे. मागे राहिलेल्या गावांत रान साफ करून नवी शेते काढायला हात उरले नाहीत. १९२० च्या दशकात उत्तरेकडच्या वोलू-न्तेम भागात, फांग लोकांच्या मुलखात, मोठा दुष्काळ पडला. झोपेचा आजार, देवी, १९१८ चा इन्फ्लुएंझा यांनी आधीच खिळखिळ्या झालेल्या गावांना गाठले. भरीला काँगो-ओशन रेल्वेसाठी सक्तीची मजूरभरती. जंगल तेवढेच राहिले. वस्ती मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत खचत गेली. १९१३ मध्ये लांबारेनेला दवाखाना काढणारे अल्बर्ट श्वाइत्झर आपल्या वाचकांना ठाऊक आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या रोग्यांमध्ये याच तोडणीतळांवरचे मजूर असत.

लोकसंख्याशास्त्राचे अभ्यासक गॅबनकडे वळले ते पुढच्या गोष्टीमुळे. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला. त्या सुमाराच्या पाहणीत लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास भरली. त्याहून धक्का देणारी बाब अशी की मूल होण्याचे वय उलटलेल्या बायकांपैकी जवळपास एक तृतीयांश बायकांना आयुष्यात एकही मूल झालेले नव्हते. कोणत्याही समाजात हे प्रमाण साधारण तीन ते पाच टक्के असते. कॅमेरूनपासून काँगोपर्यंतच्या या पट्ट्याला अभ्यासक मध्य आफ्रिकेचा वंध्यत्वाचा पट्टा म्हणू लागले.

कारणांवर बराच वाद झाला. कुणी चालीरीतींना दोष दिला, कुणी हवामानाला. जे उत्तर टिकले ते वैद्यकीय होते. परमा आणि तशाच संसर्गांनी बायकांच्या गर्भनलिका बंद झाल्या होत्या. हे संसर्ग पसरण्यासाठी तोडणीतळांइतकी सोयीची जागा नव्हती : घरापासून तोडलेले पुरुष, बंदरांवरची ये-जा, आणि उपचार नाहीत. दोष मात्र बाईच्या माथी. मूल नाही म्हणून टाकून दिलेल्या, सवत पत्करलेल्या, माहेरी परतलेल्या बायकांची संख्या कोणत्याही तक्त्यात नाही. पेनिसिलिन पोचल्यावर चित्र हळूहळू पालटले. तरी १९७९ मध्ये सरकारने फ्रान्सव्हिल येथे वैद्यकीय संशोधन केंद्र काढले, ते मुळात देशातला जन्मदर इतका कमी का, हे शोधायला. पुढे ते केंद्र इबोलाच्या संशोधनासाठी जगात ओळखले गेले. त्याचा उगम मात्र रिकाम्या पाळण्यांच्या प्रश्नात होता.

याच भीतीपोटी गॅबनने संततिनियमनाच्या साधनांवर बंदी घातली आणि ती २००० सालापर्यंत ठेवली. भारताने १९५२ मध्येच कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला होता. आपल्या राज्यकर्त्यांना माणसे फार वाटत होती, त्यांच्या राज्यकर्त्यांना फार कमी. दोन्हीकडे निर्णय बाईच्या शरीराबद्दल होता आणि दोन्हीकडे तिला विचारले गेले नाही. आज गॅबनमध्ये एका बाईमागे सरासरी चारच्या आसपास मुले होतात, महाराष्ट्रात दोनपेक्षाही कमी. त्यामुळे तो देश तरुण आहे. निम्मी माणसे विशीच्या आसपास किंवा त्याहून लहान.

२०१३ च्या गणनेत गॅबनची लोकसंख्या १८,११,०७९ होती. यातली सुमारे ८७ टक्के शहरांत राहत होती आणि जवळपास निम्मी एकट्या लिब्रव्हिलच्या प्रांतात. याचे मोठे कारण तेल. १९५० च्या दशकात तेल सापडले, सत्तरीत पैसा आला, नोकऱ्या किनाऱ्याला निघाल्या आणि गावे तिकडे सरकली. शहरांत कामाला माणसे कमी पडली तेव्हा कॅमेरून, माली, बेनिन, टोगो, विषुववृत्तीय गिनी इथून लोक आले. २०१३ मध्ये देशातला जवळपास पाचातला एक माणूस परदेशी होता. खेड्यांत राहणारे उरले सव्वादोन-अडीच लाख. हिशेब केला तर शहरांबाहेरच्या गॅबनमध्ये एका चौरस किलोमीटरला साधारण एकच माणूस येतो.

आता गडचिरोली पाहू. १४,४१२ चौरस किलोमीटर, त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग वनाचा. २०११ मध्ये लोकसंख्या १०,७२,९४२. घनता ७४, राज्याची ३६५. महाराष्ट्रात सर्वांत विरळ वस्तीचा हाच जिल्हा. पण शहरात राहणारे इथे फक्त ११ टक्के. म्हणजे नगरे वगळूनही एका चौरस किलोमीटरला पासष्टच्या आसपास माणसे येतात. जंगल दोन्हीकडे दाट, पण गॅबनच्या रानात गावे विझली आणि गडचिरोलीच्या रानात ती तग धरून राहिली.

इंग्रजांनी इथलेही जंगल राखीव केले, इथलाही सागवान तोडला, इथेही बेगार घेतली. यात काही सौम्य नव्हते. फरक मजूर कुठून आणला यात आहे. मध्य प्रांताच्या वनखात्याने राखीव जंगलाच्या आत वनग्रामे वसवली. थोडी जमीन कसायला द्यायची आणि बदल्यात खात्याचे काम करून घ्यायचे. करार जाचक होता, पण त्यात कुटुंब एका छपराखाली राहिले. बाई धान रोवत राहिली, मोहफूल वेचत राहिली, पोरे गावातच वाढली. गोंड, माडिया गावांचे रानाशी असलेले नाते कायद्याने नाकारले गेले तरी रोजच्या जगण्यात टिकले. पुढे वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा हक्क घ्यायला गावात माणसे होती. गॅबनच्या कितीतरी भागांत असा हक्क द्यायचा म्हटला तर घेणारे गावच उरलेले नाही.

पण माणसे टिकली म्हणजे सुखात होती, असे नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शिक्षण घेतले ते आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये. गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि वसा व अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना प्रजननसंस्थेचा किमान एक आजार होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. फ्रान्सव्हिलला जो प्रश्न विचारला जात होता, त्याच्या अगदी जवळचा प्रश्न त्याच दशकात गडचिरोलीच्या दोन खेड्यांत विचारला गेला. तिथे सरकारला जन्म वाढवायचे होते. इथे एका डॉक्टर बाईला बायकांचे दुखणे समजून घ्यायचे होते. मला दुसरी वाट जास्त खरी वाटते, कारण जन्मदराचा आकडा शेवटी त्या दुखण्यातूनच घडतो.

मृत्यूंचीही तीच गोष्ट. १९८८ मध्ये ‘सर्च’च्या क्षेत्रात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी घरोघर नवजात बाळांची काळजी सुरू केली. ३९ गावांतल्या या प्रयोगाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ मध्ये जगापुढे आले, आणि पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर गेली. मात्र उपचाराच्या आधी मोजणी होती. एखाद्या पाड्यात बाळ जन्मले आणि तिसऱ्या दिवशी गेले, तर जन्म नोंदला जात नव्हता आणि मृत्यूही नाही. कागदावर ते बाळ कधी आलेच नाही. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिले की महाराष्ट्रात सरकारी नोंदींत न आलेले असे बालमृत्यू किती मोठ्या संख्येने आहेत.

आपली पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे, संदर्भ दिनांक १ मार्च. मागची होऊन तेव्हा सोळा वर्षे झालेली असतील. गडचिरोलीसाठी ही तारीख अडचणीची आहे. धान निघाले की दक्षिणेकडच्या तालुक्यांतली कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. २०११ च्या नियमानुसार गणनेच्या ९ ते २८ फेब्रुवारी या पूर्ण काळात जो गावी नसतो, त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचे. मिरचीच्या शेतातल्या ताडपत्रीखाली प्रगणक पोचला तर ते कुटुंब तेलंगणाच्या आकड्यात जाईल. नाही पोचला तर कुठेच जाणार नाही. शाळेच्या वर्गखोल्या, आश्रमशाळा, उपकेंद्रे, रेशन, सगळे या आकड्यावर ठरते. तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्यांना, ग्रामसभांना आणि रोजगार सेवकांना ही नावे ठाऊक असतात. फेब्रुवारीच्या आधी प्रत्येक गावाने बाहेर गेलेल्या कुटुंबांची यादी गावाच्या आणि मुकादमाच्या नावासह करून ठेवली, तर पलीकडच्या जिल्ह्याला ती पाठवता येईल. हे काम जानेवारीत व्हायला हवे. मार्चमध्ये ते होणार नाही.

पुढच्या भागात : गॅबनच्या उत्तरेचा शेजारी, विषुववृत्तीय गिनी.