स्वरलिपी: स्कॅन की टंकलेली?

कोलकात्याच्या ठाकुर घराण्यातील ज्योतिरिंद्रनाथांनी रूढ केलेली आकारमात्रिक स्वरलिपी विश्वभारतीच्या 'स्वरवितान' खंडांत भेटते. तिच्यात कोमल गंधारासाठी 'ज्ञ' हे वेगळे अक्षरच आहे. आपल्या भातखंडे पद्धतीत 'ग'खाली आडवी रेघ. आकारमात्रिक लिपीत मंद्र सप्तकाची खूण म्हणजे अक्षराखालचा बारीक हलन्त. फिकट स्कॅनमध्ये तो पुसला, की स्वर थेट एक सप्तक वर चढतो!

स्कॅन म्हणजे ठिपक्यांचे चित्र: मूळ पान जसेच्या तसे, पण शोध घेता येत नाही. टंकलेली प्रत कितीही मोठी करा, स्पष्टच राहते. मोबाइलवर ओळी मोडल्या तर मात्र स्वराखालचा शब्द सरकतो. रियाजाला मी टंकलेली घेईन, पण शंका आली की स्कॅनच उघडावा.