ग्राफिक्स कार्डाची उष्णता : पेस्ट, पॅड की द्रव धातू?

एप्रिल-मेमध्ये नायगाव-नरसी भागात पारा चाळीसच्या वर जातो. लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग करणाऱ्यांची तक्रार तेव्हाच सुरू होते, काम अर्ध्यावर आले की संगणक बंद. पुष्कळदा ग्राफिक्स कार्ड खराब नसतेच. चिप आणि तिच्यावरचा थंड करणारा ठोकळा यांच्यातील लेप वाळलेला असतो. हजारो रुपयांचे कार्ड बदलण्यापूर्वी तो उघडून पाहावा, असे आम्ही सुचवतो.

लेप लागतो कशाला? धातू कितीही घासला तरी बारीक फटी राहतात व त्यांत हवा बसते. उष्णता वाहून नेण्यात तांब्याचे माप सुमारे ४००, तर हवेचे अवघे ०.०२६. चांगल्या पेस्टचे ४ ते १२. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी, पण तांब्यापुढे काहीच नाही. म्हणून थर पातळच हवा. कल्हईवाल्या बांधवांना हे सांगावे लागत नाही : आधी भांडे स्वच्छ, मग कथील पातळ. येथे जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात.

ग्राफिक्स चिप उघडी असते. ती तापते, निवते, आणि प्रत्येक वेळी पातळ पेस्ट थोडी कडेला ढकलली जाते. यावर उपाय म्हणून आता ४५ अंशांच्या सुमारास मऊ होणारी पातळ पट्टी मिळते. ती महाग पडते, पण टिकते. रोज तासन्‌तास चालणाऱ्या यंत्राला आमच्या मते हीच बरी.

मेमरीच्या चिपांवर मात्र पॅड लागतो, आणि खरी चूक तेथे होते. १ मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा कडक पॅड घातला तर ठोकळा मुख्य चिपवरून उचलला जातो आणि कार्ड पूर्वीपेक्षा जास्त तापते. जुना पॅड दबलेला असतो, त्यामुळे त्याचे मापही फसवते. जाडी समजत नसेल तर मळलेल्या कणकेसारखी पुटी वापरावी. ती दाबाने आपोआप बसते.

राहिला गॅलियमचा द्रव धातू. उष्णता नेण्यात तो पेस्टच्या कितीतरी पुढे. परंतु ॲल्युमिनियमला तो पोखरून ठिसूळ करतो, आणि विजेचा वाहक असल्याने एक थेंब सांडला तरी शॉर्ट. गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला तो लावू नये.