सासूबाईंच्या नावावरची फियाट

मैत्रिणींनो, दारात एखादी जुनी गाडी सडत पडलीय अशी घरं आपल्याकडे गावोगाव आहेत. कुठे ॲम्बेसेडर, कुठे लॅम्ब्रेटा, कुठे जीप. तिच्यावर गोधड्या वाळतात, खाली मांजर पिलं घालतं आणि दर दिवाळीला घरातले पुरुष म्हणतात, ‘यंदा हिचं काहीतरी करायला पाहिजे.’ आमच्या तासगावच्या घरी बेदाण्याच्या खोक्यांच्या शेडमध्ये अशीच एक प्रीमियर पद्मिनी उभी होती, १९८२ सालची. सगळे तिला फियाटच म्हणायचे.

नाव इटालियन असलं तरी गाडी आपलीच हं! सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या तयार व्हायच्या. आधी ‘डुक्कर फियाट’, मग १९६४ पासून अकराशे, आणि १९७४ पासून तिलाच पद्मिनी नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरची दांडी स्टिअरिंगला. माझा मुलगा मोबाइलवर अमेरिकेतल्या ‘मसल कार’ घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ बघतो. त्यांच्या १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओचं इंजिन सहा लिटरहून मोठं! ‘आई, त्यांच्या एका इंजिनात आपली जवळजवळ सहा बसतील,’ तो म्हणाला. म्हटलं, बसू देत, आपल्याला भाजी आणायचीय.

गाडी सासऱ्यांची. १९७८ला नंबर लावला, चार वर्षांनी हातात आली. तेव्हा मारुती यायची होती, त्यामुळे वाट बघणं सगळ्यांनाच होतं. २००९ पासून ती बंद होती. २०१८ मध्ये सासरे गेले आणि भंगारवाला अठरा हजार द्यायला तयार झाला. आमचे हे आणि माझे दीर, दोघांचं एकमत झालं (हे क्वचित होतं). तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘त्यात माझ्या दोन पाटल्या आहेत.’

नोंदणीचे पैसे भरायला त्यांच्या माहेरच्या पाटल्या मोडल्या होत्या, हे घरात कुणाला आठवतच नव्हतं. गाडी ‘दादांची’ होती ना! सत्तावीस वर्षं त्या मागच्या सीटवर डावीकडे बसल्या. आता पुढचा खर्च त्या स्वतःच्या ठेवीतून करणार होत्या. दीर म्हणाले, ‘आई, भंगारात पैसे घालतेस.’ आई म्हणाल्या, ‘माझेच घालतेय.’

तरी कोविडमुळे २०२२च्या दिवाळीनंतरच काम सुरू झालं. शेडमध्येच. मिस्त्रीकाका सत्तरीचे. आल्या आल्या म्हणाले, ‘वहिनी, ह्या गाडीत कॉम्प्युटर न्हाई काय न्हाई. सगळं पान्ह्यानं उघडतंय.’ इंजिन जाम होतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं, चार दिवस तसंच ठेवलं, मग पान्ह्याने थोडं थोडं फिरवलं. जबरदस्तीने स्टार्टर मारला असता तर आतलं काही तरी तुटलं असतं. सुटल्यावर इंजिन उतरवून कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर करायला नेलं.

खरा रोग मात्र तळाला होता. वरून गाडी बरी दिसते हो! पण पायाखालचं रबरी मॅट उचललं आणि हात आरपार खाली गेला. मॅटखाली ओल धरून पत्रा पापडासारखा झाला होता. जुनी गाडी घेणाऱ्या कुणालाही मी सांगेन, रंग बघू नका, मॅट उचला. तो पत्रा कापून नवा जोडायलाच दोन महिने गेले. मुलगी दहावीची परीक्षा संपल्यावर पॉलिश पेपर घेऊन बसली, महिनाभर दरवाजे घासले. शेजारच्या काकूंनी विचारलंच, ‘पोरीला हे कशाला?’ तिचा भाऊ तेव्हा पेट्रोलची टाकी धूत होता, त्याच्याबद्दल कुणी विचारलं नाही.

टाकीवरून आठवलं. जुनं पेट्रोल डिंकासारखं घट्ट होतं आणि कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतं. शिवाय रिकाम्या टाकीत वाफ राहते, तिला घरी वेल्डिंग लावणं म्हणजे बॉम्बला काडी लावणं. आमच्या मिस्त्रीकाकांनी टाकी बाहेर जाणकाराकडे पाठवली. रबरी पाइपही सगळे बदलले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसातलं, पण जुन्या रबराला ते मानवत नाही आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीत पाणी धरतं. ब्रेकमध्ये मी एक रुपयाची काटकसर करू दिली नाही. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, सीटबेल्टचा पत्ता नाही, अशी गाडी निदान थांबली तरी पाहिजे.

सीटचं काम मात्र गावाबाहेर गेलं नाही. आमच्या बचत गटातली एक जण शाळेची दप्तरं शिवते. तिला जुन्या सीटचं उसवलेलं कव्हर दिलं. तिने ते कागदावर आखलं, जाड सुई लावली आणि तांबड्या रेक्झिनला पांढरं पायपिंग घालून अशी कव्हरं शिवली की सांगलीच्या सीटवाल्याने विचारलं कुणाकडून केली! अकरा हजार झाले, त्यातली तिची मजुरी चार. आता तिच्याकडे ट्रॅक्टरच्या सीटची कामं येतात.

एकूण खर्च एक लाख शेहेचाळीस हजार. वही माझ्याकडे आहे. फायद्याचा व्यवहार म्हणून कुणी हे करू नये, एवढ्यात धावती सेकंडहँड गाडी येते. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा टीव्हीवर बघताना सासूबाई म्हणाल्या, ‘आपली चढतेय.’

आता कागदपत्रं. इथे जरा थांबून वाचा. नवरा गेला की गाडी आपोआप बायकोच्या नावावर होत नाही. आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो, तोही तीन महिन्यांच्या आत. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. मुलींचंही, हे विसरू नका! आमची पाच वर्षं उलटून गेली होती, नोंदणीही संपलेली. जुन्या मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली होती. उशिराचा दंड वेगळा, पर्यावरण कर वेगळा. कुणी म्हणालं, व्हिंटेजमध्ये घाला. पण २०२१च्या नियमाप्रमाणे त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, आणि ती गाडी रोज वापरता येत नाही.

आमच्या ह्यांचा अर्ज मुलाच्या नावाने भरायचा बेत होता. ‘आईचं वय बघ, परत दोन वर्षांनी हाच घोळ.’ हिशेब चुकीचा नव्हता. पण मी सह्यांचे कागद तयार केले ते सासूबाईंच्या नावाने. नणंद पहिल्या दिवशी सही करून गेली. दिरांनी तीन आठवडे लावले. एजंटाने विचारलं, ‘आजींना गाडी येते का?’ गाडी नावावर असायला लायसन्स लागत नाही, चालवणाऱ्याकडे असलं की झालं. ते माझ्याकडे आहे.

स्टिअरिंगवरच्या गिअरची सवय व्हायला मला पंधरा दिवस लागले. आता बुधवारी गटाची पापडाची पोती सांगलीला नेते, वेग चाळीस-पन्नास, हायवेला जात नाही. सासूबाई पुढे बसतात. आरसी त्यांच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत असते. कुठे निघायचं म्हटलं की आधी त्यांच्याकडून मागून घ्यावी लागते, आणि परत आल्यावर द्यायचीही.

डिकीचं रबर अजून मिळालेलं नाही. पावसात पाणी येतं, तोवर पोती प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेतो.