मुलांना भीतीचा सिनेमा कधी दाखवावा? डहाणू-तलासरीतल्या कार्यकर्त्यांसाठी

पाड्यावर आता सिनेमा बघायला थिएटर लागत नाही. घरात एक मोबाइल असतो आणि आई-वडील कामावरून परतेपर्यंत तो मोठ्या भावंडाच्या हातात असतो. हे मोठे भावंड म्हणजे फार तर अकरा-बारा वर्षांचे. त्याला भुताचा सिनेमा बघायचा असतो आणि त्याच्या मांडीला टेकून चार वर्षांचे धाकटेही तोच सिनेमा बघते. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत काम करताना आम्हाला हे नेहमी दिसते. पालकांच्या बैठकीत प्रश्न येतो, "किती वर्षांच्या मुलाला असला सिनेमा चालतो?"

प्रश्न घरगुती वाटतो, पण आपल्या चळवळीचा त्याच्याशी दुहेरी संबंध आहे. भुताखेतांवरचा विश्वास लहानपणीच्या भीतीतून घट्ट होतो, हे एक. दुसरे म्हणजे, आपणही शिबिरांत आणि जयंतीच्या कार्यक्रमांत सर्व वयाच्या मुलांना एकत्र बसवून पडद्यावर काहीबाही दाखवत असतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे.

प्रमाणपत्र काय सांगते

१९८३ पासून आपल्याकडे सिनेमाला 'यू/ए' प्रमाणपत्र मिळू लागले. बारा वर्षांखालच्या मुलांनी असा सिनेमा पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावा, असा त्याचा अर्थ होता. पाच वर्षांचे आणि अकरा वर्षांचे मूल एकाच मापात बसवले गेले. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'यूए ७+', 'यूए १३+', 'यूए १६+' असे तीन टप्पे आले. ओटीटीसाठी २०२१ च्या नियमांत असेच टप्पे आहेत, आणि १३+ व त्यावरच्या मजकुराला पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. हे कुलूप आपल्या मोबाइलमध्ये कसे लावायचे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने शिकून घ्यावे आणि पालकांना करून दाखवावे.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतील. 'यूए'चे टप्पे ही पालकांना दिलेली सूचना आहे. अठरा वर्षांखालच्यांना थेट मनाई फक्त 'ए' प्रमाणपत्राने होते. आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्लिपला कुठलेच प्रमाणपत्र नसते. आपल्या पाड्यांवर मुले पूर्ण सिनेमापेक्षा अशा तुकड्यांनाच जास्त घाबरतात, कारण तुकड्यात भूत येते पण गोष्टीचा शेवट येत नाही.

वयाबरोबर भीती बदलते

मुले पडद्यावरच्या कशाला घाबरतात, याचा अमेरिकेतल्या संशोधक जोआन कँटर यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचे एक निरीक्षण फार उपयोगाचे आहे. 'इन्क्रेडिबल हल्क' या मालिकेतला नायक हिरवा, अक्राळविक्राळ होतो आणि लोकांना वाचवतो. मोठ्या मुलांना तो वाचवणारा आहे हे कळत होते. शाळेत न जाणारी लहान मुले मात्र माणसाचा हल्क होतानाच घाबरत होती. थोडक्यात, लहान मूल रूपाला घाबरते. हेतू, गोष्ट, शेवट यांनी त्याला फारसा फरक पडत नाही.

आपल्याकडचे उदाहरण 'झपाटलेला'चे. १९९३ च्या या सिनेमातल्या तात्या विंचूला मोठी माणसे हसतात. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी मात्र तो डोळे फिरवणारा, बोलणारा बाहुला असतो, आणि बाहुली तर त्याच्या अंथरुणातही असते. 'मुंज्या' किंवा 'स्त्री २' हे विनोदी आहेत म्हणून मुलांना चालतात, हा समज याच कारणाने चुकीचा आहे. विनोद समजायला वय लागते, भीती वाटायला लागत नाही.

सात-आठ वर्षांनंतर खरे आणि खोटे यांतला फरक मुलाच्या मनात पक्का होऊ लागतो. मग भुताची भीती कमी होते, पण दुसरी भीती वाढते. चोरी, अपघात, खून, मारहाण, आई-वडिलांपासून ताटातूट, अशा 'खरोखर होऊ शकणाऱ्या' गोष्टींची ती भीती असते. म्हणून दहा वर्षांचे मूल भूत बघून हसेल आणि बातमीतला व्हिडिओ बघून रात्रभर जागे राहील. "आता मोठा झालाय, काहीही बघू दे" असे म्हणताना आपण हा बदल विसरतो.

इथल्या मुलांनी काय पाहिले आहे

प्रमाणपत्र साऱ्या देशासाठी एकच असते. धुंदलवाडीच्या मुलाने काय अनुभवले आहे हे त्याला माहीत नसते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतला सर्वांत मोठा ४.१ रिश्टरचा होता. त्या दिवशी घाबरून बाहेर पळताना दोन वर्षांची एक मुलगी पडून दगावली. थंडीत कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर, तंबूत झोपली. धक्के पुढेही अधूनमधून येत राहिले. अशा घरातल्या मुलाला इमारती कोसळण्याचा सिनेमा दाखवला, तर पुण्या-मुंबईच्या मुलाला जो निव्वळ थरार वाटेल तो त्याला स्वतःच्या घराची आठवण वाटेल.

दुसरी गोष्ट गडचिंचलेची. १६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातल्या या गावी जमावाने तीन जणांना ठार मारले. त्याआधी परिसरात चोर आल्याच्या, मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या. त्या मारहाणीचे व्हिडिओ देशभर फिरले. मोबाइल मुलांच्याच हातात असतो, त्यामुळे ते त्यांच्यापर्यंत पोहोचायलाही कोणी अडवणारे नव्हते. भीतीने आंधळी झालेली मोठी माणसे काय करू शकतात, हे या घटनेने दाखवले. मुलांना भीती ओळखायला आणि तपासायला शिकवणे का गरजेचे आहे, याचे याहून वेगळे कारण द्यायची आवश्यकता नाही.

पडद्यावरची बाई, पाड्यावरची बाई

आपल्या सिनेमातले भूत बहुतेक वेळा बाई असते. केस मोकळे, पांढरी साडी, पाय उलटे, एकटी राहणारी. चार-पाच वर्षांचे मूल हे रूप मनात साठवते. मग पाड्याच्या टोकाला एकटी राहणारी, म्हातारी, केस विस्कटलेली बाई दिसली की त्याला तीच आठवते. याच बाईला कुणी 'भुताळी' म्हणाले, तर मोठेपणी त्याला ते खरे वाटायला जमीन तयार असते. एखाद्या व्यक्तीवर करणी, जादूटोणा केल्याचा आळ घेऊन तिला त्रास देणे हा २०१३ च्या महाराष्ट्र जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर हा कायदा आला. पण कायदा गुन्ह्यानंतर येतो, मुलाच्या मनात चित्र त्याच्या कितीतरी आधी उमटलेले असते.

म्हणून मोठ्या मुलांसोबत असा सिनेमा बघितला, तर पुढचा प्रश्न जरूर विचारा: "भूत नेहमी बाईच का असते? ती जिवंत असताना तिच्यावर काय अन्याय झाला होता?"

'भीमाचा वाघ घाबरत नाही' म्हणू नका

घाबरलेल्या मुलाला आपण दोन गोष्टी सांगतो. एक, "भूत नसते." दोन, "भीमाचा वाघ आणि घाबरतो?" पहिली गोष्ट खरी आहे, पण पाच वर्षांच्या मुलाला युक्तिवादाने धीर येत नाही. त्याला जवळ घेणे, दिवा लावणे, पाणी देणे, हात धरून लघवीला बाहेर नेणे, याने येतो. बाहुला कसा चालवतात, मेकअप कसा करतात हे सांगण्याचा उपयोग सात-आठ वर्षांनंतर होतो. दुसरी गोष्ट तर थेट घातक आहे. त्याने भीती जात नाही, फक्त मूल ती सांगायचे बंद होते.

स्वतः तथागतांनी आपली भीती लपवली नाही. मज्झिम निकायातल्या भयभेरव सुत्तात ते सांगतात की बोधी मिळण्यापूर्वी ते मुद्दाम रात्री अरण्यातल्या भयाण ठिकाणी राहत. हरिण यायचे, मोर काटकी पाडायचा, वाऱ्याने पाने सळसळायची आणि भीती वाटायची. चालताना भीती आली तर ती शांत होईपर्यंत ते चालतच राहत, बसले असताना आली तर बसूनच राहत. भीती मान्य करायची, तिचे कारण बघायचे, पळायचे नाही, ही त्यांची पद्धत. मात्र हा प्रयोग त्यांनी प्रौढपणी, स्वतःच्या निवडीने केला. लहान मुलावर तो आपण लादू शकत नाही.

आपले कार्यक्रमही तपासूया

'सैराट' २०१६ मध्ये आला तेव्हा गाण्यांमुळे लोक तान्ह्या मुलांसह गेले. कुणी त्याला भीतीचा सिनेमा म्हटले नव्हते. पण शेवटी रक्तात भिजलेल्या पावलांनी चालणारे ते बाळ लहान प्रेक्षकांच्याच वयाचे होते. जातीय अत्याचारावरचे सिनेमे, माहितीपट आणि छायाचित्रे आपण दाखवतो, आणि ती दाखवलीच पाहिजेत. पण सात वर्षांच्या मुलाला त्यातून इतिहास समजत नाही. "माझ्यासारख्यांना मारतात" एवढेच समजते.

मग मुलांना सत्य सांगायचेच नाही का? सांगायचे, त्यांच्या मापाने. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आपल्या बालपणीचा प्रवास लिहिला आहे. मसूर स्टेशनवर उतरलेली मुले, गाडीत घ्यायला तयार नसलेले गाडीवान, दुप्पट भाडे देऊन मिळालेली बैलगाडी, पाण्यावाचून काढलेली भीतीची रात्र. तेव्हा बाबासाहेब नऊ वर्षांचे होते. ही गोष्ट भीतीची आहे, पण तीत रक्त नाही, सांगणारा मूल आहे, आणि मुले शेवटी सुखरूप पोहोचतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना जातीची ओळख करून द्यायला यापेक्षा चांगली सुरुवात आम्हाला माहीत नाही.

ठरवायचे कसे

वय हा अंदाज आहे. खरा निर्णय पुढच्या प्रश्नांवर घ्यावा:

१. मूल पाहिलेली गोष्ट परत सांगू शकते का, आणि त्यातले खरे काय, खोटे काय हे वेगळे करू शकते का?

२. "बंद कर" म्हणायची त्याला मोकळीक आहे का? आणि म्हटल्यावर खरेच बंद होते का?

३. अलीकडे घरात मृत्यू, आजारपण, मारहाण, स्थलांतर असे काही घडले आहे का? आई-वडील वीटभट्टीवर गेले असताना आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलाला ताटातुटीचा सिनेमा जास्त लागतो.

४. त्या रात्री त्याच्याजवळ कोण झोपणार आहे?

एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल तर थांबावे. साधारणपणे पाच वर्षांखाली भीतीचे काहीच नको. पाच ते सातमध्ये ओळखीची गोष्ट, दिवसा, मोठ्या माणसाशेजारी. आठ ते बारामध्ये भूत चालेल, पण खऱ्या हिंसेचे दृश्य नको. तेरा वर्षांपुढे चर्चेसह. सिनेमानंतर दोन-तीन रात्री मूल एकटे बाहेर जायला घाबरले, झोपेत दचकले, अंथरूण ओले केले, तर रागावू नका. पुढचा सिनेमा लांबवा.

शिबिरात तीन नियम पाळता येतील. कार्यकर्त्याने सिनेमा आधी पूर्ण बघावा. लहान मुलांचा गट वेगळ्या खोलीत, वेगळ्या खेळात ठेवावा. पडदा बंद झाल्यावर लगेच घरी न सोडता अर्धा तास मुलांना बोलू द्यावे. यासाठी पैसा लागत नाही, एक जास्तीचा कार्यकर्ता लागतो. येत्या शिबिराच्या बैठकीत हे काम कोणाकडे, हे आधी ठरवा, मग सिनेमाचे नाव ठरवा.