एका ओट्यावर तीन भाषा

परवा जालना जिल्ह्यात, मंठा तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर जेवायला होतो. आजी नातीशी गोरबोलीत बोलत होती, नात मराठीचा धडा मोठ्यानं वाचत होती आणि तिचे वडील स्टील कारखान्यातल्या बिहारी सहकाऱ्याशी फोनवर हिंदीत. कुणीच अडखळत नव्हतं!

भाषा हा माझ्या आवडीचा विषय, म्हणून थोडी माहिती देतो.

बंजारा समाजाची गोरबोली राजस्थानी गटातली. स्वतःची लिपी नाही. आपल्याकडे देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. २०११ च्या जनगणनेत ३२ लाखांहून जास्त लोकांनी ही मातृभाषा नोंदवली, पण ती धरली गेली हिंदीखाली. हे मला अजिबात पटत नाही.

जालन्याला अनेक भाषा नव्या नाहीत. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, कचेरीत उर्दू. शिवाय पेढीवर मारवाडी, मोहल्ल्यात दखनी.

"पोरगी गोंधळेल, म्हणून घरी मराठीच बोलतो," असं बरेच आईबाप सांगतात. तसं होत नाही. कुणाशी काय बोलायचं, हे मुलांना फार लवकर कळतं. अधूनमधून शब्द मिसळले तरी काळजी नको.

तुमच्या घरी कोणकोणत्या भाषा बोलतात? काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.