नेमके जनुक गाठायचे कसे? एका बुरशीची गोष्ट

पावावर कधी कधी नारिंगी, पिठासारखी उडणारी बुरशी धरते. तिचे नाव न्यूरोस्पोरा. १९४१ साली अमेरिकेत बीडल आणि टेटम यांनी हिच्यावरच प्रयोग करून जनुके पेशीतील रासायनिक क्रियांवर ताबा ठेवतात, हे दाखवले. १९५८ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. आपल्या हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतही तिच्यावर संशोधन झाले आहे.

जनुकाचे काम ओळखायचे तर ते काढून पाहावे. फ्यूज काढल्यावर कोणता दिवा विझतो ते आपण पाहतो, तसेच. त्यासाठी डीएनएचा एक तुकडा बनवतात. त्याच्या दोन्ही टोकांना हव्या त्या जनुकाच्या शेजारचा मजकूर असतो आणि मधे जनुकाऐवजी एक खुणेचे जनुक. पेशीत गेल्यावर तुकड्याने आपली जागा ओळखून तिथेच बसावे, ही अपेक्षा.

यीस्टमध्ये हे सहज घडते. न्यूरोस्पोरात मात्र शंभरातले दहा ते तीसच तुकडे जागेवर बसत. बाकीचे भलतीकडेच चिकटत. असे का? तुटलेला डीएनए पेशी दोन प्रकारे सांधते. एक, जुळणारा मजकूर शोधून त्याबरहुकूम. दुसरा, समोर येतील ती टोके घाईने जोडून. न्यूरोस्पोराचा कल दुसरीकडे अधिक.

२००४ मध्ये जपानच्या सैतामा विद्यापीठातील संशोधकांनी ही घाईची वाटच बंद केली. त्या जोडकामाला लागणाऱ्या 'कू' नावाच्या प्रथिनाचे जनुक त्यांनी निकामी केले. टोकांना प्रत्येकी सुमारे दोन हजार अक्षरांचा जुळणारा मजकूर दिला, तेव्हा शंभरपैकी शंभर तुकडे जागेवर बसले! नवे हत्यार न घडवता, केवळ एक अडथळा दूर करून हे साधले. याच युक्तीच्या आधारे २००६ पर्यंत अमेरिकेतील संशोधकांनी शंभराहून अधिक जनुके एकेक करून काढून पाहिली.

पण फुकट काहीच मिळत नाही. अशा बुरशीची दुरुस्तीची ताकद घटते, डीएनएला इजा करणारी द्रव्ये तिला अधिक बाधतात. मग दिसलेला दोष काढलेल्या जनुकाचा की मोडलेल्या दुरुस्तीचा, हे कसे ठरवणार? म्हणून काम झाल्यावर तिचा धडधाकट बुरशीशी संकर करतात आणि संततीतून दुरुस्ती शाबूत असलेली निवडतात. उत्तरावर विश्वास ठेवायचा, तर ही शेवटची पायरी गाळून चालत नाही.